तीन औषधं, दोन गट आणि आईची सही

प्रश्न : माझी आई ६९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, निघाला. आर-चॉप या औषधांच्या मिश्रणाचे सहा डोस तिने निभावून नेले, पेट स्कॅन स्वच्छ आला. त्यानंतर चौदा महिन्यांनी गळ्याजवळ पुन्हा गाठ लागली. आजार उलटला. हृदय थोडं कमजोर असल्यामुळे स्टेम सेल ट्रान्सप्लांट तिला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी एक क्लिनिकल ट्रायल सुचवली आहे. एका गटाला ‘बायस्पेसिफिक’ नावाचं नवं औषध आणि जोडीला केमोची दोन औषधं, दुसऱ्या गटाला रिटुक्सिमॅब आणि तीच केमो. कोण कुठल्या गटात, हे संगणक ठरवणार. तिघांतले दोघं नव्या गटात जातात म्हणे. दादा साफ विरोधात आहे. आईला प्रयोगाचा उंदीर करायचं नाही, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, एवढी औषधं एकत्र म्हणजे ताकद जास्त, ही संधी सोडू नये. पण जुन्या गटात चिठ्ठी निघाली तर सगळं फुकट जाईल का? आणि ट्रायल आत्ताच करावी, की बाकी सगळं करून झाल्यावर? संमतीपत्र बावीस पानांचं आहे. घरात रोज भांडण होतंय.

उत्तर : तुमच्या आईचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ‘हो म्हणा’ किंवा ‘नाही म्हणा’ असं मी लिहिणार नाही. पण रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांसोबत संमतीपत्रं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुम्ही आणि दादा ज्या मुद्द्यावर भांडताय, त्यापेक्षा कितीतरी मोठा प्रश्न तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात दडलेला आहे. त्यावर येतोच. आधी उंदराचं बघू.

दादांचा राग मला समजतो. त्यांना आई गमवायची भीती वाटते आहे आणि ती अशी बाहेर पडते आहे. त्यांना एक विचारा. आईला चौदा महिने ज्या आर-चॉपने दिले, ते कुठून आलं? सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिंक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन ही चार औषधं म्हणजे चॉप. त्यात रिटुक्सिमॅब, म्हणजे आर-चॉपमधला ‘आर’, घालून काही फायदा होतो का, हे फ्रान्स आणि आसपासच्या देशांतल्या ६० ते ८० वर्षांच्या ३९९ रुग्णांनी ट्रायलमध्ये भाग घेऊन दाखवलं. म्हणजे तुमच्या आईच्याच वयाची माणसं. २००२ मध्ये निकाल छापून आला. नुसत्या चॉपने ६३ टक्के लोकांचा आजार पूर्ण मागे हटला होता, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७६ टक्के. त्यातल्या निम्म्या लोकांना चिठ्ठीने जुनं औषध मिळालं होतं. ते नसते तर नवं खरंच चांगलं आहे की नाही, हे आजही आपल्याला ठामपणे सांगता आलं नसतं.

दादांची भीती निराधार आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. ट्रायल कोणत्या टप्प्याची आहे, यावर ते ठरतं. पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न असतो तो डोसचा: किती दिलं तर माणसाला सोसतं? सुरुवातीचे मोजके रुग्ण अगदी थोड्या डोसवर असतात, त्यांना फायदा होण्याची शक्यताही त्यामुळे कमी. दुसऱ्या टप्प्यात आजार दाद देतो का ते पाहतात, बहुतेक वेळा तुलनेला दुसरा गट न ठेवता. तिसऱ्या टप्प्यात, आज जे देतात त्यापेक्षा हे सरस आहे का, हे चिठ्ठी टाकून तपासतात. तुम्ही दोन गट आणि संगणकाचं लिहिलंय, त्यावरून ही बहुधा तिसऱ्या टप्प्याची असावी. बहुतेक वेळा संमतीपत्राच्या पहिल्या पानावर टप्पा लिहिलेला असतो. तो आधी बघा, दादांनाही दाखवा.

आता तुमच्या बाजूचा गैरसमज. जास्त औषधं म्हणजे जास्त ताकद, हे लिम्फोमाने एकदा नाही, अनेकदा खोटं पाडलं आहे. १९८०च्या दशकात चॉपपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची, सहा-सहा, आठ-आठ औषधांची मिश्रणं निघाली होती आणि ती सरस आहेत असं जवळपास सगळे धरून चालले होते. मग अमेरिकेत ८९९ रुग्णांवर चॉप आणि अशी तीन मिश्रणं समोरासमोर ठेवली गेली. १९९३ मध्ये निकाल आला. तीन वर्षांनी आजाराशिवाय जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यांत मिळून ४४ टक्क्यांच्या आसपास, गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही. फरक होता तो औषधानेच दगावण्याच्या प्रमाणात, आणि त्यात सगळ्यात कमी धोका चॉपचा होता. एवढी वर्षं डॉक्टर लोक भल्या हेतूने जास्त औषधं देत होते आणि रुग्ण ती जास्त सोसत होते. हा निकाल मी कधी विसरत नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं. आयडेलालिसिब नावाची गोळी काही मंद गतीच्या लिम्फोमात एकटी चांगली चालत होती. मग ती नेहमीच्या उपचारांच्या जोडीला देऊन पाहिली. २०१६ मध्ये अशा तीन ट्रायलमध्ये गोळी मिळालेल्या गटात मृत्यू जास्त दिसले, बरेचसे जंतुसंसर्गाने, आणि ट्रायल थांबवाव्या लागल्या. हे लवकर लक्षात आलं, कारण ट्रायलचे आकडे मध्येच तपासणारी, औषध कंपनीपासून वेगळी अशी समिती असते. तुमच्या संमतीपत्रात त्या समितीचा उल्लेख शोधा.

मग औषधं एकत्र द्यायचीच कशाला? कारण गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. एका औषधातून ज्या पेशी निसटतात त्या दुसऱ्यात सापडाव्यात, हा हिशेब. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आर-चॉपमधली औषधं लिम्फोमाच्या पेशींवर एकेकटी आणि जोडीने तपासली. ती एकमेकांची ताकद फारशी वाढवत नाहीत, असं दिसलं. त्यांचं यश यात आहे की एकाला न जुमानणारी पेशी दुसऱ्यालाही न जुमानणारी असेल, असं सहसा होत नाही. म्हणून जोडी चांगली केव्हा? दोघांची मारण्याची तऱ्हा वेगळी असेल आणि दोघांचे त्रास शरीरात वेगवेगळ्या जागी पडत असतील तेव्हा. दोन्ही औषधं प्लेटलेट पाडणारी असतील किंवा दोन्ही हातापायांच्या नसांना मुंग्या आणणारी असतील, तर डोस कमी करावे लागतात आणि जोडीचा फायदा निघून जातो. डॉक्टरांना हे नेमकं विचारा: या तीन औषधांचे त्रास कुठे कुठे एकावर एक पडतात? आईच्या हृदयावर यातलं कोणतं औषध ताण देतं?

बायस्पेसिफिक ही या दृष्टीने खरोखर वेगळी चीज आहे. हे एक प्रतिपिंड आहे, दोन हातांचं. एका हाताने ते लिम्फोमाच्या बी पेशीवरचं सीडी२० नावाचं प्रथिन पकडतं, दुसऱ्या हाताने आपल्याच रोगप्रतिकारक टी पेशीवरचं सीडी३. दोघांना ओढून समोरासमोर उभं करतं आणि टी पेशी आपलं काम करते. केमोने वाचलेल्या पेशीला इथे वेगळ्याच मार्गाने गाठलं जातं. ग्लोफिटामॅब आणि एपकोरिटामॅब ही दोन औषधं पुन्हा पुन्हा उलटलेल्या लिम्फोमासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत एकेकटी मंजूर झाली. पुढचा प्रश्न होता, ती केमोच्या जोडीला थोडी आधी दिली तर काय होईल.

‘स्टारग्लो’ नावाच्या तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलने तो प्रश्न विचारला, आणि तुम्ही लिहिलेली मांडणी तिच्याशी बरीच जुळते. २७४ रुग्ण. तिघांतल्या दोघांना ग्लोफिटामॅब आणि जोडीला जेमसिटाबिन व ऑक्सॅलिप्लाटिन, तिसऱ्याला रिटुक्सिमॅब आणि तीच दोन औषधं. ट्रान्सप्लांट झेपणार नाही असे, तुमच्या आईसारखे रुग्ण त्यात होते. २०२४ मध्ये निकाल छापून आला. नव्या गटात आयुष्याचा मध्यक २५.५ महिने, जुन्या गटात १२.९. आजार पूर्ण मागे हटला तो नव्या गटात ५८ टक्क्यांहून जास्त लोकांचा, जुन्यात साधारण २५ टक्के लोकांचा.

मध्यक म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना सांगा, कारण या आकड्याने फार लोकांची फसगत होते. २५.५ महिने याचा अर्थ निम्मे लोक त्याहून कमी जगले आणि निम्मे त्याहून जास्त, काही कितीतरी जास्त. आईला पंचवीस महिने मिळणार, असं तो आकडा सांगत नाही. तो गटाचा आकडा आहे.

आता मी सुरुवातीला म्हटलेलं ते वाक्य. तुम्ही लिहिलंय, ‘दुसऱ्या गटाला रिटुक्सिमॅब आणि तीच केमो.’ ताई, सगळा निर्णय इथे अडकलेला आहे. ट्रायलमध्ये काय मिळेल, याची चर्चा तुमच्या घरी खूप झाली. पण ट्रायलबाहेर आईला आज प्रत्यक्षात काय मिळू शकतं, हे डॉक्टरांना कोणी विचारलं का? चिठ्ठी टाकणं न्याय्य कधी ठरतं? दोन्ही गटांतलं कोणतं सरस हे कोणालाच ठामपणे माहीत नसतं तेव्हा, आणि जुन्या गटातला उपचार हा बाहेर मिळणाऱ्या उपचारापेक्षा कमी नसतो तेव्हा. रिटुक्सिमॅब-जेमसिटाबिन-ऑक्सॅलिप्लाटिन हे मिश्रण अनेक वर्षं अशा रुग्णांना दिलं जातं, ते वाईट नाही. पण गेल्या काही वर्षांत समोरासमोरच्या लढतीत ते नव्या जोडीपुढे मागे पडलं आहे. तेव्हा ज्या ठिकाणी नवी जोडी ट्रायलशिवायही मंजूर आहे आणि रुग्णाच्या आवाक्यात आहे, तिथे तिघांतल्या एकाला जुन्या गटात टाकणाऱ्या ट्रायलला मी कडक प्रश्न विचारीन. आणि जिथे ट्रायलबाहेर तीच जुनी केमो मिळणार आहे, तिथे गणित उलटं होतं. तिथे चिठ्ठी वाईट निघाली तरी आईला तेच मिळेल जे एरवी मिळालं असतं, आणि चांगली निघण्याची शक्यता तिघांत दोन. तुमची परिस्थिती यातली कोणती, हे फक्त तुमचे डॉक्टर सांगू शकतात. प्रश्न असा विचारा: ‘आईने नाही म्हटलं, तर सोमवारी तुम्ही तिला काय सुरू कराल?’ उत्तर कागदावर लिहून घ्या.

बाहेरच्या पर्यायांत कोणती नावं कानावर येतील, तेही सांगतो. पोलाटुझुमॅब हे प्रतिपिंडाला विषारी औषध बांधून केलेलं औषध. ते बेंडामुस्टिन आणि रिटुक्सिमॅबच्या जोडीला दिलं तेव्हा ८० जणांच्या छोट्या ट्रायलमध्ये आयुष्याचा मध्यक ४.७ महिन्यांवरून १२.४ महिन्यांवर गेला. टाफासिटामॅब आणि लेनालिडोमाइड ही दुसरी जोडी, ती ८१ रुग्णांत, तुलनेचा गट न ठेवता तपासली गेली. वेगवेगळ्या ट्रायलचे आकडे शेजारी मांडून ‘हे मोठं, ते लहान’ करू नका. कोणी अधिक आजारी लोक घेतले होते, कोणी कमी. दोन ट्रायलमधले रुग्ण एकसारखे नसतात, म्हणून तर चिठ्ठी लागते.

प्लासिबोचं, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या डोसचं, भूत दादांच्या डोक्यात असेल, तर ते उतरवा. लिम्फोमा उलटलेल्या माणसाला नुसत्या साखरेच्या पाण्यावर ठेवून बघत बसणं कोणतीही नैतिक समिती चालू देणार नाही. प्लासिबो असतो तो खऱ्या उपचारावर वर जोडलेला. ‘एकेलॉन-३’ या ट्रायलमध्ये २३० रुग्ण होते. सगळ्यांना लेनालिडोमाइड आणि रिटुक्सिमॅब मिळालं, निम्म्यांना त्याच्या जोडीला ब्रेंटुक्सिमॅब हे आणखी एक औषध आणि निम्म्यांना प्लासिबो. ब्रेंटुक्सिमॅबच्या गटाच्या आयुष्याचा मध्यक १३.८ महिने, दुसऱ्याचा ८.५. तुमच्या ट्रायलमध्ये तर, तुम्ही लिहिलंय त्यावरून, प्लासिबो दिसतच नाही.

‘आत्ता की नंतर?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला. बरेच जण ट्रायलला शेवटचा दरवाजा समजतात. प्रत्यक्षात बहुतेक ट्रायलना थोडी ताकद असलेला रुग्ण लागतो: चालता-फिरता, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी ठरावीक पातळीच्या वर, मूत्रपिंड आणि यकृत धड. सगळं करून झाल्यावर येणारा माणूस दारातूनच परत जातो. काही ट्रायल तर आधी किती उपचार झाले यावरच बंद होतात.

क्रमाला आणखी एक बाजू आहे. कार-टी या उपचारात रुग्णाच्या टी पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना लिम्फोमा ओळखायला शिकवून परत देतात. आजार वर्षाच्या आत उलटला असता, तर कार-टी हा पहिल्याच उलटण्याला पुढे येणारा पर्याय झाला असता. ३५९ रुग्णांच्या एका ट्रायलमध्ये तो ट्रान्सप्लांटच्या वाटेपेक्षा सरस ठरला. चार वर्षांनी ५४.६ टक्के लोक जिवंत होते, दुसऱ्या गटात ४६ टक्के. तशाच प्रश्नाच्या दुसऱ्या एका ट्रायलमध्ये वेगळ्या कार-टीने काहीच फरक पडला नव्हता, हेही लक्षात असू द्या. आईचा आजार चौदा महिन्यांनी उलटला आहे, तेव्हा तिच्यासाठी कार-टी पुढच्या वळणावर येऊ शकतो, हृदयाने साथ दिली तर. म्हणून आजचं औषध उद्याचा तो दरवाजा बंद तर करत नाही ना, हे विचारलंच पाहिजे. बेंडामुस्टिन टी पेशींना बराच काळ दुबळं करतं, त्यामुळे पेशी काढण्याआधीच्या महिन्यांत ते शक्यतो टाळतात. टाफासिटामॅबसारखी औषधं बी पेशीवरचं सीडी१९ हे दुसरं प्रथिन पकडतात आणि सध्या वापरातल्या कार-टीचं लक्ष्यही तेच, म्हणून तिथे क्रम विचारपूर्वक ठरवावा लागतो. तुमच्या ट्रायलमधलं औषध सीडी२० पकडणारं असेल, तर ही एक बरी गोष्ट आहे. डॉक्टरांना विचारा: ‘हे चाललं नाही, तर पुढे काय शिल्लक राहील?’

नवीन गाठीची बायॉप्सी झाली आहे ना? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतो. पहिल्या वेळची बायॉप्सी दोन वर्षांपूर्वीची. उलटलेला आजार कधी कधी रूप बदलून येतो, कधी पेशींवरचं सीडी२० नाहीसं झालेलं असतं, आणि मग सीडी२० पकडणारं औषध हवेत हात मारतं. हिपॅटायटिस बीची रक्ततपासणीही पुन्हा पाहा. रिटुक्सिमॅब आणि त्याच्या भाईबंदांमुळे शरीरात झोपलेला हा विषाणू जागा होऊ शकतो. आधी कळलं तर गोळीने त्याला रोखता येतं.

आता त्रासाविषयी, गुळमुळीत न बोलता. बायस्पेसिफिकचा ठळक त्रास म्हणजे सायटोकाइन रिलीज सिंड्रोम. टी पेशी एकदम खवळतात, रसायनं सोडतात, ताप चढतो, रक्तदाब उतरतो, कधी ऑक्सिजन लागतो. स्टारग्लोमध्ये तो साधारण ४४ टक्के लोकांना झाला, बहुतेकांना सौम्य. म्हणूनच पहिले डोस पायरी-पायरीने वाढवतात आणि सुरुवातीला रुग्णालयात ठेवून लक्ष ठेवतात. टोसिलिझुमॅब नावाचं औषध त्यावर हाताशी असतं. क्वचित गोंधळल्यासारखं बोलणं, हात कापणं, शब्द न सुचणं असं होतं. घरी हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि जंतुसंसर्ग. बी पेशी महिनोन्‌महिने गायब राहतात, साधा सर्दी-खोकलाही छातीत उतरू शकतो. रात्री दोन वाजता ताप आला तर कोणाचा फोन लावायचा, तो माणूस ट्रायलमधलं औषध ओळखतो का, हे सही करण्याआधी विचारून ठेवा. बावीस पानांतलं निम्मं विसरलात तरी चालेल, हा नंबर नाही.

घरात कोण काय करणार, हेही आत्ताच ठरवा. ट्रायलमध्ये रक्ततपासण्या आणि खेपा एरवीपेक्षा जास्त असतात, वेळापत्रक ट्रायलचं असतं, आपल्या सोयीचं नसतं. पहिले काही आठवडे कोणीतरी सतत आईजवळ लागेल. ते एकट्या तुमच्यावर पडणार असेल, तर तसं दादांना स्पष्ट सांगा. आणि खर्चाची पानं वाचा. औषध ट्रायलकडून मिळतं, पण नेहमीच्या तपासण्या, प्रवास, अवघड प्रसंगी लागणारं अतिदक्षता विभागाचं बिल, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई, यातलं काय कोण देणार, हे प्रत्येक ट्रायलचं वेगळं असतं आणि ते लेखी असायला हवं.

एक धोक्याची सूचना. या जातीचा लिम्फोमा वेगाने वाढतो. ट्रायलमध्ये नाव घातलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. तपासण्यांचा एक टप्पा असतो, त्यात आठवडे जाऊ शकतात, आणि शेवटी हृदयाच्या एका आकड्यावरून ‘बसत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. आईच्या हृदयाचं कळलंय, म्हणून मला याची विशेष काळजी वाटते. ट्रायलच्या लोकांना आजच विचारा, इकोचा कोणता आकडा त्यांना चालतो. मधल्या काळात गाठ वाढली तर थोडे दिवस स्टेरॉइड देता येईल का, तेही विचारा. अनेक ट्रायलमध्ये ते चालतं. आणि दुसरा पर्याय तयार ठेवा, म्हणजे नकार आला तर एक दिवसही वाया जाणार नाही.

ट्रायलमध्ये कोण होतं, यालाही किंमत असते. स्टारग्लोचा निकाल एवढा चांगला असूनही २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या जोडीला मंजुरी नाकारली, कारण त्या ट्रायलचा निकाल अमेरिकेतल्या रुग्णांना पुरेसा लागू होतो असं त्यांना वाटलं नाही. युरोपने त्याच वर्षी मंजुरी दिली. एकाच ट्रायलकडे दोन नियामक इतकं वेगळं पाहू शकतात, तर एका घरातल्या बहीण-भावाचं एकमत होत नाही, यात नवल ते काय. तुमच्या आईसारख्या, म्हणजे त्या वयाच्या आणि कमजोर हृदयाच्या किती जणांना हे औषध आजवर दिलं गेलंय, असं डॉक्टरांना सरळ विचारा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. डॉक्टर काय म्हणतात ते त्यात आहे, दादा काय म्हणतो ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे. आई काय म्हणते, ते एकाही ओळीत नाही.

सही तिची लागणार आहे. तुमची नाही, दादांचीही नाही. आणि हे फक्त कायद्याचं कलम नाही. सलाईनची सुई तिच्या हाताला टोचणार, ताप तिला येणार, रुग्णालयातल्या रात्री तिच्या असणार. तिला कदाचित दोन वर्षांचा आकडा ऐकून लढावंसं वाटेल. कदाचित ती म्हणेल, मला जास्तीत जास्त दिवस घरी राहायचंय, खेपा कमी असतील ते द्या. दोन्ही उत्तरं समजूतदार माणसाची आहेत. ‘तिला सगळं सांगितलं तर ती खचेल’ असं घरोघरी म्हणतात. माझा अनुभव असा की रुग्णाला बहुतेक वेळा बरंच काही कळलेलं असतं, आणि सगळे कुजबुजतात त्याचा त्रास तिला आजारापेक्षा जास्त होतो. वेदना, झोप, भूक आणि भीती यांच्यावर काम करणाऱ्या पॅलिएटिव्ह डॉक्टरांची भेट ट्रायल चालू असतानाही घेता येते. त्याचा अर्थ हार मानली असा नाही, हेही तिला सांगा.

संमतीपत्राची भाषा तिला वाचता येते ना? नसेल तर तिच्या भाषेतलं पत्र मागा, ते मिळायला हवं. एक प्रत घरी आणा. आई आणि तुम्ही दोघं भावंडं एकत्र बसा, एका बैठकीत सात-आठ पानांपेक्षा जास्त नको, आणि जिथे तिला शंका येईल तिथे तिच्याच हाताने पेन्सिलीने खूण करू द्या. पुढच्या भेटीत प्रश्न तिने विचारायचे, तुम्ही उत्तरं लिहून घ्यायची. दादांनाही सोबत न्या आणि त्यांचा ‘उंदीर’वाला प्रश्न त्यांना तिथे, डॉक्टरांसमोर विचारू द्या. सही केल्यानंतरही ती कोणत्याही दिवशी, कारण न देता ट्रायलमधून बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिचे पुढचे उपचार अडत नाहीत, हे त्या पानांत कुठे लिहिलंय तेवढं तिला आधी दाखवा. भेट झाली की काय ठरलं ते मला कळवा. काहीही ठरलं असेल तरी.